दगडाखालचा भुंगेरा नवा आहे हे ठरवायचं कसं?

पावसाळा ओसरला की माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. अंगठ्याच्या नखावर एक काळा ठिपका, आणि खाली प्रश्न: "ताई, ही नवीन प्रजाती आहे ना?" फोटो मोठा करून बघितला तरी ठिपका ठिपकाच राहतो, पायसुद्धा मोजता येत नाहीत. मी विचारते, किती नमुने आहेत? एकच. कुठे आहे? सोडून दिला. मग बोलणं तिथेच संपतं.

हा लेख त्या फोटो पाठवणाऱ्यांसाठी आहे. मुंबईत राहून, सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून हे काम करता येतं. मात्र ओढ्यावर जाणारा वेळ यात सगळ्यात कमी असतो. भुंगेरा पाण्यातून काढायला पाच मिनिटं लागतात, आणि तो आधी कुणी वर्णन केलेला नाही हे दाखवायला दोन वर्षं सहज जातात.

आधी गडी ओळखा

ओढ्याचं पाणी जिथे उथळ होतं आणि दगडगोट्यांवरून खळखळत जातं, त्या भागाला आम्ही सरळ 'खळाळ' म्हणतो. तिथे राहणारे हे रिफल बीटल, कुळाचं नाव एल्मिडी. जगभरात सुमारे दीड हजार प्रजातींचं वर्णन झालेलं आहे. आकार मोहरीच्या दाण्यापासून जिऱ्याच्या दाण्यापर्यंत. पाण्यात राहतात, पण पोहत नाहीत. लांब पाय आणि अंगाच्या मानाने दांडग्या नख्या, त्यांनी दगड घट्ट धरून हळूहळू चालतात.

एक प्रयोग जरूर करा. जिवंत भुंगेरा काचेच्या वाटीत पाण्याखाली ठेवून भिंगातून त्याचं पोट बघा. पोट चांदीच्या वर्खासारखं चमकतं. पोटाखालच्या बारीक, दाट लवेत हवेचा पातळ थर अडकलेला असतो. त्या थरातून तो पाण्यातला प्राणवायू घेतो, म्हणून त्याला श्वासासाठी वर यावं लागत नाही. याला प्लास्ट्रॉन म्हणतात. तोच भुंगेरा अल्कोहोलमध्ये टाकला की चांदी क्षणात विझते, कारण अल्कोहोल ती लव भिजवून टाकतं. साबणाचं पाणीही तेच करतं. म्हणून कपडे धुवायच्या जागेच्या खालच्या अंगाला शोधत बसू नका, वरच्या अंगाला जा. मिठीच्या फेसाळ पाण्यात यांना का शोधायचं नाही, तेही यावरून कळेल.

अळ्याही पाण्यातच वाढतात. शेपटीच्या टोकाला एक झाकण असतं, त्याखालून कल्ल्यांचे झुबके आत-बाहेर होतात. कोश मात्र काठावरच्या ओल्या मातीत. कोशातून निघालेला प्रौढ कधीकधी रात्री दिव्यावर येतो आणि मग पाण्यात उतरतो.

नवख्याचा गोंधळ बहुतेक ड्रायोपिडी या शेजारच्या कुळाशी होतो. त्यांच्या स्पर्शिका आखूड आणि फणीसारख्या असतात, एल्मिडींच्या बहुधा बारीक दोऱ्यासारख्या. दगडाला चिकटलेली चपटी, गोल, नाण्यासारखी अळी दिसली तर ती सेफेनिडी कुळातली. तिला जागेवर राहू द्या.

जाळीच्या आधी कागद

कन्हेरीच्या नाल्यात उतरायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभराहून जास्त चौरस किलोमीटरचं आहे, दहिसर नदी तिथूनच निघते, आणि बोरिवलीहून रिक्षाने पोचता येतं. पण ते राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिथून मुंगीसुद्धा गोळा करायची तर वनविभागाची लेखी परवानगी लागते. अर्ज एखाद्या कॉलेजच्या किंवा संशोधन संस्थेच्या लेटरहेडवर गेला तर त्याला वजन येतं. उत्तराला महिने लागतात, हे धरून चाला. उद्यानाबाहेरची वनजमीनही वनविभागाचीच. खासगी जमिनीतून ओढा जात असेल तर मालकाला विचारा आणि त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

परवानगीशिवाय जमवलेला नमुना कितीही देखणा असला तरी कामाचा नाही. नियतकालिकाचा संपादक परवान्याचा क्रमांक विचारतो, संग्रहालयही विचारतं.

तोपर्यंत हात बसवायला कर्जत, बदलापूर, मुरबाडकडचे ओढे आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी निवळलेलं असतं आणि खळाळ वाहता असतो. जून ते सप्टेंबर ओढ्यात उतरू नका, वरच्या डोंगरावर पाऊस झाला की खाली पाणी कसं चढतं ते कळायलाही वेळ मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये बरेच ओढे आटून नुसत्या डबक्यांची माळ उरते.

ओढ्यावर

सामान फार नाही. अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी, पांढरा प्लास्टिकचा ट्रे, चहाची गाळणी, बारीक रंगाचा ब्रश, टोकदार मऊ चिमटा, झाकणाच्या बाटल्या, पेन्सिल. चिमटे आणि बाटल्या प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात, ट्रे भांड्यांच्या दुकानात.

जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला टेकवायची आणि वरच्या बाजूचे दगड पायाने हलवायचे. जे सुटेल ते वाहत जाळीत येतं. मोठे दगड हाताने उचलून ब्रशने जाळीवर झाडा आणि पुन्हा होते तसेच, त्याच कुशीवर ठेवा. पाण्यात अडकलेली कुजकी फांदी विसरू नका, काही प्रजाती लाकडाशीच चिकटलेल्या असतात.

मग सगळा गाळ ट्रेमध्ये बोटभर पाण्यात ओतायचा आणि थांबायचं. सगळ्यांची चूक इथेच होते. दोन मिनिटं बघून "काही नाही" म्हणून ट्रे उपडा करतात. मेफ्लायची पिल्लं लगेच वळवळतात, खेकडा पळतो, पण आपला गडी पाय आखडून वाळूच्या कणासारखा पडून राहतो. थर्मासमधला चहा काढा. आठ-दहा मिनिटांनी एखादा कण प्रवाह नसतानाही सरकायला लागतो. तोच.

एकदा मी अशीच ट्रेवर वाकून बसले होते. काठावरून जाणारी एक मावशी बराच वेळ बघत उभी राहिली. "मासे तर नाहीत इथं. चाळताय काय, रेती?" मी तिला भिंगातून चांदीचं पोट दाखवलं. तिने बघितलं, हसली आणि सांगितलं, वरच्या वळणावर पाणी मे महिन्यातही आटत नाही, तिथे जा. त्या वळणाने मला पुढची तीन वर्षं नमुने दिले.

एका जागेवरून पंधरा-वीस पुरेत. एक घेऊन भागत नाही, कारण तुम्हाला नर लागणार आणि नर-मादी बाहेरून बहुधा कळत नाहीत.

बाटलीत ९५-९६ टक्के इथाइल अल्कोहोल, आणि दुसऱ्या दिवशी ते बदला. किड्यांच्या अंगातलं पाणी उतरून ते पातळ होतं. हे अल्कोहोल किराणा दुकानात मिळत नाही, त्याला एक्साइजचा परवाना लागतो. म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेशी ओळख हवीच. लेबल पेन्सिलने जाड कागदावर लिहा आणि बाटलीच्या आत टाका: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, ओढा, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. माझ्याकडे अजून दोन बाटल्या अशा आहेत ज्यांत सुंदर भुंगेरे आणि निळसर कोरा कागद आहे.

टेबलावर: खपलीची गोष्ट

आता स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो, किमान चाळीस पट मोठं दाखवणारा. घरी नसेल तर प्राणिशास्त्र विभागात शनिवारी दुपारी बसायची परवानगी काढा.

पहिला प्रश्न वंशाचा. एल्मिडीत दोन उपकुळं: लारेनी आणि एल्मिनी. लारेनी बहुधा मोठे, केसाळ, पाण्याच्या कडेला राहणारे. एल्मिनी टणक आणि खऱ्या अर्थाने पाण्यातले. पुढे वंश ओळखायला स्पर्शिकेचे खंड मोजावे लागतात. बहुतेकांत अकरा, पण झायट्झेविया वंशात आठच. छातीच्या ढालीवर उभ्या कडा आहेत का, मधे चर आहे का, पंखकवचांवरच्या ठिपक्यांच्या ओळी कशा आहेत, लवेचा पट्टा पायाच्या कोणत्या भागावर आहे, हे सगळं वहीत लिहा. आशियात स्टेनेल्मिस, ग्रूवेलिनस, पोटॅमोफिलिनस, लेप्टेल्मिस, ॲन्सिरॉनिक्स ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील.

आणि हे करायच्या आधी भुंगेरा स्वच्छ करा. माझ्या दुसऱ्याच वर्षी मला एक स्टेनेल्मिस मिळाला, त्याच्या ढालीवर दोन ठसठशीत उंचवटे होते. कुठल्याच वर्णनात असे उंचवटे नव्हते. मी चार पानं लिहून काढली, चित्रं काढली, मनात नावही ठरवलं. आमच्या सरांनी मायक्रोस्कोपमधून बघितलं, काही बोलले नाहीत, बारीक सुईने उंचवट्याच्या कडेला हलकेच टोकलं. उंचवटा उडाला. आता वाटीच्या तळाशी एक तपकिरी खपली आणि तिच्या जागी अगदी साधी, गुळगुळीत ढाल. या भुंगेऱ्यांच्या अंगावर पाण्यातल्या क्षारांची पुटं चढतात आणि कधीकधी दोन्ही बाजूंना सारखी चढतात. म्हणून फसायला होतं.

मऊ ब्रश, कोमट पाणी, हट्टी पुटांसाठी बारीक सुई. प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर काही सेकंद, जास्त नाही, नाहीतर पाय गळतात.

जननेंद्रिय काढणं

याला पर्याय नाही. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्रजाती बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियावरूनच वेगळ्या होतात. त्याला एडीॲगस म्हणतात: मधला दांडा, दोन बाजूंना दोन पाती, खाली बुंधा. सगळं मिळून मिलिमीटरहून कमी.

नमुना दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात मऊ करा. मिन्युटेन म्हणतात त्या केसासारख्या टाचणीचं टोक किंचित वाकवून आकडी करा, आणि पोटाच्या शेवटच्या खंडाखालून ती आत सरकवून अवयव हळू बाहेर ओढा. मग तो लॅक्टिक ॲसिडमध्ये किंवा १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा, म्हणजे भोवतीचं मांस विरघळून आकार स्पष्ट होतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडला हातमोजे घाला, आणि त्यात रात्रभर विसरू नका. शेवटी ग्लिसरीनमध्ये घेऊन बघा: वरून, खालून, बाजूने.

आणि पंखा बंद करा. मे महिन्यात मुंबईत पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. पण मी एक एडीॲगस पंख्याच्या वाऱ्यावर घालवलेला आहे आणि पांढऱ्या फरशीवर टॉर्च घेऊन तासभर रांगले आहे. मिळाला नाही.

पहिली दहा-पंधरा कामं साध्या, भरपूर मिळणाऱ्या प्रजातीवर करा. मोडतील, मोडू द्या. अवयव काढल्यावर भुंगेरा छोट्या कार्डावर चिकटवून ते कार्ड टाचणीला लावतात. अवयव त्याच टाचणीवर, ग्लिसरीनच्या छोट्या कुपीत ठेवा. अदलाबदल झाली की सगळी मेहनत पाण्यात.

नवा आहे का?

आता खरं काम. जगातल्या एल्मिडींचा कॅटलॉग २०१६ मध्ये आला आहे. तो समोर घ्या आणि तुमच्या वंशातल्या भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार इथल्या सगळ्या नावांची यादी करा. मग २०१६ नंतरचे पेपर शोधून यादीत भर घाला. प्रत्येक नावाचं मूळ वर्णन वाचायचं, इतर कुणी त्याबद्दल काय लिहिलं ते नंतर. जुनी नियतकालिकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात. काही वर्णनं फ्रेंचमध्ये, काही लॅटिनमध्ये आणि दोन-चार ओळींचीच. त्यांत एडीॲगसचा उल्लेखही नसतो.

अशा वेळी मूळ नमुना, म्हणजे टाइप, बघावा लागतो. जुने टाइप लंडन, पॅरिस, व्हिएन्ना इथल्या संग्रहालयांत आहेत. तिथल्या क्युरेटरना मेल लिहा: मुद्द्याचा, छोटा, तुमच्या नमुन्याच्या मोजपट्टीसह काढलेल्या फोटोंबरोबर. टाइपचा वरून, बाजूने आणि एडीॲगसचा फोटो मागा. माझा अनुभव असा की हे लोक उत्तर देतात. पण "हा कोणता आहे सांगा" एवढंच लिहिलेल्या मेलला देत नाहीत, आणि का द्यावं?

एक्सेलमध्ये तक्ता करा. उभ्या रांगेत प्रजाती, आडव्या रांगेत लक्षणं. तुमचा भुंगेरा एकेका नावापासून कशाने वेगळा आहे ते प्रत्येक चौकोनात लिहा. एखादा चौकोन रिकामा राहिला तर काम अर्धवट आहे. हा तक्ता भरताना माझे दोन 'नवे' भुंगेरे जुने निघाले, आणि जो मी जुना समजून बाजूला ठेवला होता तो नवा निघाला.

स्वतःला छळायचे तीन प्रश्न. फरक एकाच नमुन्यात आहे की सगळ्या नरांत? दुसऱ्या ओढ्यातल्या नमुन्यांतही तो टिकतो का? आणि एडीॲगस थोडा कलला तर आकार बदलतो का? हा तिसरा फार लबाड आहे. टोक किंचित वर झुकलेलं असलं की रुंद दिसतं, खाली झुकलं की निमुळतं. सगळ्या नमुन्यांची चित्रं एकाच कोनात, एकाच मोजपट्टीवर काढा.

डीएनए बारकोड, म्हणजे सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा, जोडीला घ्या. एका पायातूनही डीएनए निघतो. पण टक्केवारी बघून निकाल देऊ नका. अमुक टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती, असा नियम नाही.

लिहायचं कसं

वर्णनाचे दोन भाग वेगळे ठेवा. डायग्नोसिसमध्ये शेजारच्या प्रजातींपासून हा कशाने वेगळा, तेवढंच. चार-पाच वाक्यं, नेमकी. डिस्क्रिप्शनमध्ये डोक्यापासून पायापर्यंत सगळं, ठरलेल्या क्रमाने.

मापांची एक खुबी: या भुंगेऱ्यांचं डोकं ढालीत आत-बाहेर होतं, म्हणून डोक्यासकट लांबी मोजली तर दर वेळी वेगळी येते. छातीच्या ढालीची लांबी आणि पंखकवचांची लांबी यांची बेरीज द्या. रुंदी पंखकवचांच्या सगळ्यात रुंद जागी.

नावाचे नियम प्राणी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. एकच होलोटाइप, म्हणजे तुमच्या नावाचा मूळ नमुना, ठरवा, शक्यतो नर, आणि तो कुठे ठेवणार ते लेखात लिहा. हे दोन्ही नसेल तर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. बाकीचे नमुने पॅराटाइप. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदणी करून तिचा उल्लेख लेखातच हवा.

नाव विशेषण असेल तर वंशाच्या लिंगाप्रमाणे चालतं. समजा तुम्हाला सह्याद्रीवरून नाव द्यायचं आहे. स्टेनेल्मिस स्त्रीलिंगी, तर 'सह्याद्रिका', ग्रूवेलिनस पुल्लिंगी, तर 'सह्याद्रिकस'. माणसाच्या नावावरून असेल तर पुरुषासाठी शेवटी 'आय' हे अक्षर, बाईसाठी 'ए-ई'. बोर्निओच्या मलियाउ बेसिनमधल्या एका भुंगेऱ्याला २०१८ मध्ये ग्रूवेलिनस लिओनार्डोडिकाप्रिओई हे नाव मिळालं, नटाच्या नावावरून. तो ज्या मोहिमेत सापडला तिच्यात हौशी लोकही तज्ज्ञांबरोबर ओढ्यात उतरले होते. स्वतःचं नाव मात्र देऊ नका. नियम आड येत नाही, पण लोक हसतात.

झूटॅक्सा, झूकीज, कोइम्बतूरहून निघणारं जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा ही लेख पाठवायची नेहमीची नियतकालिकं. कुठे पैसे लागतात, कुठे नाही, ते आधी बघा. "सात दिवसांत छापू" अशी मेल आली तर डिलीट करा. परीक्षकाचे शेरे लाल शाईने भरून येतील. पहिल्यांदा वाचून दोन दिवस फाइल उघडू नका, मग एकेक उत्तर लिहा.

नमुने सोपवणं

जैविक विविधता कायदा, २००२ सांगतो की नवी प्रजाती सापडली तर ठरवून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुने तिथे जमा करायचे. होलोटाइप घरच्या कपाटात ठेवायची गोष्ट नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला, आकुर्डीत आहे. होलोटाइपला लाल लेबल, बाकीच्यांना त्यांची, आणि प्रत्येकावर मूळ जागेचं लेबल खाली तसंच. परदेशी संग्रहालयाला पॅराटाइप पाठवायचा विचार असेल तर त्याची परवानगी वेगळी, ती आधी काढा.

कुरिअर नको. लोणावळ्याला उतरून पुणे लोकल पकडली की आकुर्डी येतं. डबा मांडीवर धरा, वरच्या रॅकवर ठेवू नका. धक्क्याने कार्डावरून एक भुंगेरा सुटला की तो डब्यात गडगडत बाकीच्यांचे पाय मोडतो. तिथे नोंदणी क्रमांक मिळाला की परतीच्या गाडीतच तो हस्तलिखितात होलोटाइपच्या ओळीत भरून टाका. त्या क्रमांकासाठी अडलेले लेख मी पाहिले आहेत, त्यातला एक माझाच होता.